रविवारची छोटी आगोट : नोकरी, शाळा आणि आठवड्याच्या स्वयंपाकाची तयारी

आमसुली | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलं लवकर झोपलीत म्हणून बसले. आम्ही रत्नागिरीत असतो, मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मुलगा सहावीत आणि मुलगी दुसरीत. मुलीची रिक्षा सात वाजता दारात, म्हणजे दोन डबे आणि नाष्टा पावणेसातच्या आत व्हायला लागतो. संध्याकाळी मी साडेसहाला घरी पोचते तेव्हा दोघं भुकेने कावलेली असतात आणि मग बिस्किटं, वेफर्स, फरसाण जे हाताला लागेल ते तोंडात जातं आणि रात्रीचं जेवण तसंच राहतं.

गेल्या वर्षी मी व्हिडिओ बघून बघून रविवारी पाच दिवसांच्या भाज्या शिजवून डबे भरून ठेवायला लागले. अख्खा रविवार ओट्याशी. सोमवार बरा गेला, मंगळवारी भेंडी लिबलिबीत, बुधवारी बटाट्याला कसातरीच वास, आणि गुरुवारी आमटीचं झाकण उघडलं तर बुडबुडे. सगळं ओतून दिलं. मुलगा म्हणाला आई तू रविवारी आमच्याशी खेळलीपण नाहीस आणि जेवणपण चांगलं नाही झालं. ते फार लागलं मला.

सासूबाई तेव्हा आलेल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, अगं आगोटीला, पावसाळ्याआधीची बेगमी करताना, आपण काय जेवण शिजवून ठेवतो का? जिन्नस तयार ठेवतो, जेवण रोजचं रोज.

बस, तिथून माझी पद्धतच बदलली. शिजवून ठेवायचं नाही, शिजवायला सोपं करून ठेवायचं. आता शनिवार रात्र आणि रविवार मिळून अडीच तास लागतात, चौघंही हात लावतो, आणि रोज संध्याकाळी अर्ध्या तासात ताजं गरम जेवण ताटात येतं.

मी काय काय करून ठेवते ते लिहिते, तुम्ही पण तुमचं सांगा.

भाजकं वाटण. एक नारळ खोवून, तीन मध्यम कांदे उभे चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे धणे, चमचाभर बडीशेप, चार लवंगा, सहा-सात मिरी. धणे-बडीशेप कोरडंच भाजायचं, कांदा थोड्या तेलावर लालसर आणि खोबरं शेवटी, अगदी तपकिरी होईस्तोवर, मंद आचेवर, हलवत राहायचं कारण खोबरं एकदा करपलं की अख्खं वाटण कडू होतं. पूर्ण गार झाल्यावरच वाटायचं, गरम वाटलं तर मिक्सरमध्ये तेल सुटतं. मग जाड पिशवीत भरून लाटण्याने बोटभर जाडीची सपाट वडी करते आणि बोटानेच आडव्या-उभ्या रेघा ओढते, मग फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा चॉकलेटसारखा एक तुकडा मोडायचा नि थेट उकळत्या रश्श्यात टाकायचा. ह्या एका वाटणावर काळ्या वाटाण्याचं सांबारं, मसुराची आमटी, अंड्याचा रस्सा, सगळं होतं.

काळे वाटाणे शनिवारी रात्री भिजत, रविवारी सकाळी कुकरला, अर्धे सोमवारच्या सांबाऱ्याला आणि अर्धे फ्रीजरला. मूग भिजवून मोड. लसूण सोलून डबीत. कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात. आंबोळीचं पीठ. एवढंच.

---

पेज_भात | रविवार, रात्री १०:१५

+१. मी लोट्याला एमआयडीसीत आहे, शिफ्ट ड्युटी, घरी बायको शिक्षिका. आमच्याकडे रविवारी दोघं मिळून करतो. मला एक विचारायचंय, आंबोळीचं पीठ तुमचं आठवडाभर टिकतं का? आमचं बुधवारी इतकं आंबट होतं की मुलगी खातच नाही.

---

आमसुली | रविवार, रात्री १०:३२

दादा, आठवडाभर नाहीच टिकत, तीन दिवस धरायचे. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी. मे महिन्यात आपल्याकडे सहा-सात तासांत फुगतं, त्यामुळे रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी आंबूनच गेलेलं असतं. मी उन्हाळ्यात संध्याकाळी वाटते आणि झोपायच्या आधी जरा फुगलं की लगेच फ्रीजमध्ये टाकते. पावसात उलट, बारा-चौदा तास लागतात, मग रात्रभर बाहेर चालतं. आणि मीठ ज्या दिवशीचं त्या दिवशी, तेवढ्याच पिठात.

तिसऱ्या दिवशीचं आंबट झालेलं पीठ असेल तर त्यात बारीक कांदा, किसलेलं गाजर, चिमूटभर साखर घालून आप्पे करते. डब्याला आप्पे असले की मुलीचा डबा चाटूनपुसून रिकामा येतो. आणि पीठ संपलं की घावणे आहेतच, त्याला आंबवायची गरजच नाही, तांदूळ रात्री भिजवून सकाळी वाटले की झालं.

---

तिरफळ | रविवार, रात्री ११:०५

आमसुली, माका तर ह्या 'छोटी आगोट' नाव खूप आवाडला. बाकीचा मराठीतच लिवतंय म्हणजे सगळ्यांका समाजतला.

मी कुडाळची. आमच्याकडे आठवड्यातल्या एका संध्याकाळी कुळथाची पिठी ठरलेली. कुळीथ भाजून भरडून पीठ केलेलं असेल तर काही तयारीच लागत नाही हो. तीन-चार चमचे पीठ गार पाण्यात कालवून घ्यायचं, गुठळी राहता कामा नये, तेलावर भरपूर ठेचलेला लसूण, हिंग, हिरवी मिरची, त्यावर पाणी, उकळी आली की कालवलेलं पीठ, दोन-तीन आमसुलं, वरून ओलं खोबरं. दहा-बारा मिनिटं. मऊ भात, पिठी आणि वर तुपाची धार. माझा लेक तापातून उठला की हेच मागतो.

मुलांसाठी मिरची न चिरता अख्खी चीर देऊन टाकायची नि वाढताना काढून घ्यायची. एकाच टोपात सगळ्यांचं होतं, मुलांचं वेगळं करत बसायला लागत नाही.

---

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ७:५०

धागा आवडला, पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. माशाच्या कालवणाचं ओल्या खोबऱ्याचं वाटण फ्रीजरला ठेवू नका हो. भाजकं ठेवा, ते चांगलं राहतं. पण कच्च्या खोबऱ्याचं वाटण गोठवून वितळवलं की पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो, आमटी फुटल्यासारखी दिसते आणि ती मखमली चव जाते. बांगड्याच्या तिखल्याला तर मसाल्याचं तिरफळ आणि ताजं वाटणच हवं. अलिबागकडून बोलतोय, घरात तीन पिढ्या मासे खाणाऱ्या आहेत.

---

आमसुली | सोमवार, दुपारी १:२०

खाडीकाठ, अगदी बरोबर. मी लिहिताना गाळलं ते. माशाला मी नुसतं खोवलेलं खोबरं फ्रीजरला ठेवते, एकेका नारळाची पिशवी, आणि धणे-मिरची-हळद सकाळी कामाला जाताना वाटीत भिजत. संध्याकाळी मिक्सर दोन मिनिटं. खोवायचा वेळ वाचला की निम्मं काम वाचलं. खोवणीवर माझा मुलगा बसतो, आधी बोटं जपून कशी ठेवायची ते त्याच्या बाबांनी शेजारी बसून चार रविवार शिकवलं. पाठीकडचा काळा भाग येऊ न देता पांढरं खोबरं कसं काढायचं हे त्याला आता माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

---

खाडीकाठ | सोमवार, दुपारी २:०५

हे मस्त. आमच्याकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात, त्या खाली उतरवून आठवड्याचे कांदे सोलून ठेवणं हे माझ्या दहा वर्षांच्या मुलीचं काम. चिरून मात्र ठेवत नाही, चिरलेल्या कांद्याचा वास फ्रीजभर होतो आणि दुधाला लागतो.

---

जुनी_खोवणी | सोमवार, दुपारी ३:३०

मी सत्तरीची आहे, सून टाइप करून देते आहे. मुलींनो, तुम्ही दिवसभर बाहेर राबून घरी येऊन पुन्हा स्वयंपाक करता ह्याचं मला कौतुक आहे. पण शिळं खाऊ नये हे आमच्या मनावर कोरलेलं, म्हणून आधी वाचताना जरा बरं वाटलं नाही. मग पूर्ण वाचलं तेव्हा समजलं की ही तर आमचीच रीत.

आमच्या काळी मिरगाच्या आधी सगळी बेगमी झालेली असायची. सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील उन्हात दोन-दोनदा तापवून डब्यात. आमसुलं सात-सात वेळा रसात बुडवून वाळवलेली. कुळीथ, वाल, काळे वाटाणे राखेत घोळवून मडक्यात. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून. सांडगे, मिरगुंडं, मेतकूट. चार महिने होड्या किनाऱ्याला लागलेल्या, बाजार लांब, पाऊस थांबायचा नाही, पण एकही दिवस पोरं उपाशी झोपली नाहीत.

जवळ्याचं सांगते. साफ करून, कोरडाच मंद आचेवर कुरकुरीत भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला की संध्याकाळी कांदा परतून त्यात जवळा, तिखट, आमसूल, दहा मिनिटांत भाकरीबरोबर खायला तयार. पावसात दमट झाला तर पुन्हा भाजायचा. आणि मेतकूट ठेवा घरात, गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. पोरांना दुसरं काही लागत नाही.

---

आमसुली | सोमवार, संध्याकाळी ७:१०

आजी, नमस्कार करते. मेतकुटाचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

---

दर्याकिनारी | सोमवार, रात्री ९:००

मासळीचं मला आवर्जून लिहायचं आहे कारण आमच्या घरात घडलेलं आहे.

गेल्या मार्चमध्ये रविवारी जेट्टीवरून आठवड्याचे म्हणून दोन डझन बांगडे घेतले, स्वस्त मिळाले होते. गाडीच्या डिकीत ठेवले आणि तिथून बाकीची खरेदी, मग नातेवाईकांकडे, असं करत घरी यायला चार तास गेले. बर्फ नव्हता. मासे दिसायला ठीक होते, वासही फारसा नव्हता, साफ करून तळले. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच धाकट्याचं तोंड, मान, छाती लालभडक, अंगाला खाज, डोकं दुखतंय म्हणून रडायला लागला. आम्ही घाबरून दवाखान्यात. डॉक्टरांनी समजावलं की ही माशाची ॲलर्जी नसून हिस्टामिनची विषबाधा आहे. बांगडा, तारली, कुपा अशा माशांच्या मांसात जो घटक असतो त्याचं, मासा उबदार राहिला की, जिवाणू हिस्टामिन करतात, आणि एकदा का ते तयार झालं की तळा, उकळा, गोठवा, काही केलं तरी जात नाही. औषधाने संध्याकाळपर्यंत बरा झाला पण आमचा जीव अर्धा झाला होता.

तेव्हापासून गाडीत थर्माकोलची पेटी. जेवढे मासे जवळपास तेवढ्याच वजनाचा बर्फ, खाली-वर थर देऊन. मासे सगळ्यात शेवटी घ्यायचे आणि तडक घरी. साफ करून धुऊन, पाणी निथळवून, एका जेवणाचे एका पिशवीत, ज्या दिवशी आणले त्याच दिवशी फ्रीजरला. खालच्या कप्प्यात कच्चा मासा फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. आणि वितळवायचं ओट्यावर नाही, आदल्या रात्री ताटलीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

---

तिरफळ | सोमवार, रात्री ९:२५

बाप रे. आम्ही पण ओट्यावरच काढून ठेवतो सकाळी कामाला जाताना. आजपासून बंद. धन्यवाद मनापासून.

---

पेज_भात | सोमवार, रात्री ९:४०

भाताचं पण असंच असतं ना? आमच्याकडे सकाळचा भात टोपात ओट्यावरच असतो, संध्याकाळी फोडणी देऊन मुलांना.

---

दर्याकिनारी | सोमवार, रात्री १०:१०

हो दादा, भाताची काळजी घ्याच. तांदळात काही जिवाणूंची बीजं असतात ती शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढतात आणि विष सोडतात, ते फोडणीच्या आचेने जात नाही. आपल्याकडची हवा गरम आणि दमट, त्यामुळे भात परातीत पसरून लवकर गार करायचा आणि तासाभरात फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचा, वाफ येईल इतका कडकडीत गरम करून, आणि एकदाच गरम करायचा. म्हणूनच मला आमसुलीताईंची पद्धत पटली, भात रोजचा रोज कुकरला लावायला वीस मिनिटं लागतात, तो कशाला आधी करून ठेवायचा.

---

दापोली_मुक्काम | मंगळवार, सकाळी ८:१५

सगळं वाचलं. मला विजेबद्दल बोलायचं आहे. तुम्ही सगळे फ्रीजरच्या भरवशावर आहात आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीत कित्येक दिवस वीज नव्हती. झाडं, खांब, तारा, सगळं आडवं. फ्रीजरमधलं सगळं पहिल्या तीन दिवसांत काढून संपवावं लागलं आणि जे उरलं ते खड्ड्यात पुरून टाकलं. त्यानंतर आम्ही जगलो ते कुळथाच्या पिठावर, सुक्या मासळीवर, पोहे, आमसुलं आणि शेजारच्यांच्या केळी-नारळावर. आईने भरलेल्या डब्यांची किंमत तेव्हा समजली.

म्हणून मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत फ्रीजरमध्ये एका आठवड्यापेक्षा जास्त काही ठेवत नाही. रिकामी जागा राहिली तर पाण्याच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून भरून गोठवते. भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास, आणि खालचा फ्रीज जेमतेम ४ तास. म्हणून वीज गेली की मुलांना पहिलं सांगते, दार उघडायचं नाही.

अजून एक. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या फ्रीजरमध्ये. आठ दिवस बाहेरगावी जाऊन आलात आणि नाणं बर्फाच्या वरच असेल तर ठीक, नाणं तळाला गेलेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, टाकून द्या, जिवापेक्षा वाटण मोठं नाही.

---

आमसुली | मंगळवार, दुपारी १:३०

नाण्याचं आजच करते. मे महिन्यात गावाला जातो तेव्हा ही भीती कायम असते मला.

---

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ८:४५

काम वाटून घेण्याबद्दल पण लिहा कुणीतरी. मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. रविवारची तयारी म्हणजे आईचा अजून एक दिवस ओट्याशी, असं होत असेल तर ती तयारी नको.

---

पेज_भात | मंगळवार, रात्री ९:३०

आमच्याकडचं सांगतो. पूर्वी मी विचारायचो 'काय मदत करू?' आणि बायको म्हणायची काही नको. नंतर तिने शांतपणे सांगितलं की तू विचारणं हेसुद्धा मला एक कामच होतं, कारण काय करायचं ते मीच डोक्यात ठेवायचं. ते मला पटलं. आता बुधवार आणि शनिवार रात्र पूर्ण माझी. काय करायचं, काय संपलंय, काय आणायचं, मुलीच्या डब्याला काय, सगळं माझ्या डोक्यात. मासे मीच आणतो, मीच साफ करतो. सुरुवातीला दोन महिने रस्सा पातळ व्हायचा, तिने एक शब्द काढला नाही. मुलगी आता म्हणते बुधवारचं कालवण बाबाचं.

---

जुनी_खोवणी | बुधवार, सकाळी ११:००

सुनेने वाचून दाखवलं. शाबास रे बाबा.

---

तिरफळ | बुधवार, दुपारी ४:२०

एक विचारायचं होतं, सोमवार-गुरुवार-शनिवार आमच्याकडे शाकाहारी. काळे वाटाणे आणि मूग झाले, तिसरं काय करता? मुलं तेच तेच म्हणून कंटाळतात.

---

आमसुली | बुधवार, रात्री ९:५०

तिरफळ, वाल करून बघ. रायगडवाल्यांचं बिरडं. वेळखाऊ आहे म्हणून लोक टाळतात पण तोच रविवारचा खरा उपयोग. शुक्रवारी रात्री भिजत, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधून मोड काढायला, रविवारी कोमट पाण्यात घालून सोलायचे. मोड आलेला वाल दोन बोटांत धरून जरा दाबला की सालातून टचकन सुटून पाण्यात पडतो, माझी मुलगी त्यासाठी आनंदाने बसते. सोललेले वाल दोन जेवणांचे दोन डबे करून एक फ्रीजरला. नंतर गुरुवारी कांदा, भाजकं वाटण, आमसूल, थोडा गूळ, वीस मिनिटं, बास. जोराने ढवळायचं नाही, मोडतात.

आणि मोडाचं कडधान्य मुलांना कच्चं देऊ नका, नीट शिजवून किंवा वाफवूनच द्या. मोड ज्या उबेत येतात त्याच उबेत जंतूपण वाढतात.

---

दर्याकिनारी | गुरुवार, रात्री १०:००

डब्यांवर तारीख लिहा हे राहिलंच. आम्ही पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने काय आहे आणि कधीचं आहे ते लिहितो. फ्रीजरमध्ये भाजकं वाटण आणि शिजवलेलं सुकं मटण दोन्ही सारखंच दिसतं. खालच्या कप्प्यातलं शिजवलेलं काहीही तीन दिवसांच्या पुढे मुलांना देत नाही.

---

आमसुली | रविवार, संध्याकाळी ५:१५

आजची बातमी द्यायला आले. सकाळी बाजारातून सौंदाळे आणि थोडी कोलंबी आणली, बर्फाच्या पेटीतून, थेट घरी. कोलंबी सोलून दोन पिशव्या झाल्या. मुलाने दोन नारळ खोवले. नवऱ्याने वाटण भाजलं, मी फक्त शेजारी उभी राहून खोबऱ्याचा रंग बघत होते, उतरव म्हणायच्या आत त्यानेच गॅस बंद केला. मेतकुटाच्या डाळी भाजून ठेवल्यात, उद्या दळून आणणार. फ्रीजरमध्ये वाटी आणि नाणं बसलं. पेज_भात यांचं वाचून नवऱ्याने मंगळवार स्वतःहून घेतला, पिठी करणार म्हणतोय, तिरफळची कृती त्याला पाठवली आहे.

दुपारी तीन तास समुद्रावर होतो चौघं. आता येऊन चहा ठेवलाय आणि वाल कोमट पाण्यात घातलेत, मुलगी पाट घेऊन बसलीसुद्धा, हाक मारतेय. जाते.